दाजी, तुमच्या दगडावर काय लिहायचं

दाजी, तुमच्या कबरीवरच्या दगडावर काय लिहायचं यावरून ताईचं आणि माझं बिनसलं होतं. नऊ दिवस तसेच गेले. मी रोज संध्याकाळी भिंगारला तुमच्या घरी यायचो, ती चहा ठेवायची, मी प्यायचो, आणि दगड सोडून आम्ही बाकी सगळ्यावर बोलायचो. गॅसचा नंबर, तुमच्या स्कूटरची बॅटरी, पाण्याच्या टाकीचा गळका नळ. दगडवाल्याला शनिवारपर्यंत मजकूर हवा होता. त्यानंतर तो दुसऱ्या कामाला लागणार होता आणि मग महिनाभर हाती लागला नसता.

ताईला हवा असलेला मजकूर असा: ‘शमुवेल दानिएल साळवे. यांनी देशोदेशी हजारो सुरुंग निकामी करून असंख्य प्राण वाचवले.’

हे वाक्य तिचं नाही. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये तुमच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष बोलले, त्यांच्या तोंडून ते आलं. चांगल्या मनानंच आलं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ताई तोवर मान खाली घालून बसली होती. ते वाक्य ऐकून तिनं मान वर केली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. ते पाहिलं म्हणून मी त्या वेळी गप्प बसलो. नाहीतर उठून उभा राहिलो असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

कारण ते खरं नाही. हजारो नाहीत, शंभर नाहीत, एकही नाही. तुम्हीच मला सांगितलं होतं, “इन्स्पेक्टर, जिवंत सुरुंगाला मी आयुष्यात बोट लावलेलं नाही. ज्यांनी लावलं त्यांची बोटं गेली, पाय गेले. त्यांच्या खात्यावरचं मी माझ्या नावावर घेणार नाही.”

माझी सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली. खोट्या काट्यावर मी शिक्का मारत नाही. सख्ख्या बहिणीनं सांगितलं तरी नाही, आणि तुमच्या डोक्याशी उभ्या राहणाऱ्या दगडावर तर नाहीच.

पण मग काय लिहायचं, हा प्रश्न उरला. तुम्ही केलं ते एका ओळीत सांगता येत नाही. मलाच समजायला कितीतरी वर्षं लागली, आणि समजलं तेव्हा तुम्हाला सांगायचं राहून गेलं. म्हणून हे लिहितो आहे.

तुम्ही इथल्या लष्करी आस्थापनेत गाड्यांच्या चाचण्या घेणारे तांत्रिक अधिकारी होतात. पुढं लोखंडी साखळ्या फिरवत जमीन झोडपत जाणारी ती गाडी, जिला तुम्ही मळणीयंत्र म्हणायचात, तिच्यामुळं तुमचं नाव वर गेलं. आपल्याकडचे आणि पूर्वेकडचे मिळून बरेच देश संरक्षणाच्या कामात सहकार्य करायचं ठरवून एकत्र आले होते. सगळ्यात वर मंत्री. त्यांनी हात मिळवायचे, फोटो काढायचे, निवेदनावर सह्या करायच्या. त्यांच्याखाली बडे अधिकारी. आणि त्यांच्याही खाली, एकेका विषयाचे तज्ज्ञ बसवलेले कार्यगट. समुद्रावरची मदत, पूर-भूकंप, लष्करी वैद्यक आणि तुमचा विषय, जमिनीत राहून गेलेले सुरुंग नि बॉम्ब. गटाचं अध्यक्षपद दोन देशांकडं जोडीनं असायचं आणि काही वर्षांनी जोडी बदलायची. या गटात आपल्या बाजूनं जाणाऱ्या पाच-सहा जणांत तुम्ही एक होतात.

पहिल्यांदा निघालात तेव्हा सगळी गल्ली तुमच्या दारात. ताईनं शेंगदाण्याची चटणी इतकी बांधून दिली की तुम्ही म्हणालात, “अगं, मी सीमेवर चाललो नाही. एसीमध्ये बसायला चाललोय.” परत आलात तेव्हा मी विचारलं, काय झालं तिकडं? तुम्ही म्हणालात, “तीन दिवस बोललो आणि एका वाक्यावर एकमत झालं.” मी विचारलं, कोणतं वाक्य? तुम्ही म्हणालात, “पुन्हा भेटायचं, हे.”

मी मोठ्यानं हसलो होतो, दाजी. ते हसणं मला आता परत घेता येत नाही.

त्यानंतर दर वेळी मी तेच विचारायचो. आकडा सांगा. किती दिवस बसलात, किती देश होते, किती पानं झाली, आणि त्यातून किती सुरुंग निघाले? तुम्ही पहिल्या तिन्हीची उत्तरं नीट द्यायचात. चौथ्याला म्हणायचात, “माहीत नाही.” आणि मी ताईकडं बघून म्हणायचो, “बघ, हिशेब लागत नाही.”

तुमची काम करायची रीत मला वेडेपणाची वाटायची. मतदान नाही. बहुमत नाही. एका जरी देशाला एखादा शब्द पटला नाही तरी तो शब्द चौकोनी कंसात टाकायचा आणि पुढं जायचं. पुढच्या बैठकीत कंस उघडून पुन्हा बसायचं. सगळ्यांचं पटेल तेव्हाच कंस पुसायचा. मी म्हणालो होतो, “आमच्या सोसायटीच्या सभेत असं केलं तर जिन्यातला बल्बसुद्धा बदलायचा नाही.”

“अरे, तुमच्या सोसायटीत तू बल्ब बदलला नाहीस तर शेजारी तुझ्या दारावर येतो,” तुम्ही म्हणालात. “आमच्यातले दोन शेजारी एकमेकांच्या दारावर आले, तर रणगाडे घेऊन येतील. त्यांना एका टेबलाशी बसवून ठेवायचं तर असंच बसवावं लागतं. सक्ती केली असती तर कुणी आलंच नसतं.”

“म्हणजे तुमचं पान कुणी पाळलंच पाहिजे असंही नाही?”

“नाही. ज्याला पटेल त्यानं पाळायचं.”

“मग ते पान कशाला?”

 तुम्ही खडू घेतलात आणि अंगणातल्या पपईखालच्या फरशीवर एक खुंटी काढलीत, सुरुंगाची हद्द दाखवायला रोवतात तशी. अर्धी लाल, अर्धी पांढरी. मग म्हणालात, “हे ताईला सांगणार नसशील तर सांगतो.” मी शब्द दिला. तो मी या आठवड्यात मोडला आहे, आणि का मोडला ते पुढं येईलच. आधी तुमची गोष्ट, तुम्ही सांगितली तशी.

त्या गटाचा एकत्र सराव होता. खोटे सुरुंग पेरलेलं मैदान. पाऊल पडलं की बारीक शिट्टी वाजायची, एवढंच. देशादेशांच्या तुकड्या शेजारी-शेजारी पट्टे साफ करत होत्या, आणि तुम्ही तुमच्या मळणीयंत्रानं झोडपलेली माती बघत दोन पट्ट्यांच्या मधून चालला होतात. समोर खुंटी आली. तिचा पांढरा भाग पलीकडच्या अंगाला होता. आपल्याकडच्या रिवाजानं पांढऱ्याची बाजू म्हणजे साफ झालेली. तुम्ही निर्धास्तपणे खुंटी ओलांडलीत, आणि शिट्टी वाजली.

त्या तुकडीच्या रिवाजात पांढरं म्हणजे कोरं. अजून तपासलेलंच नाही ते.

पंच आले. त्यांनी चिठ्ठीवर तुमचं नाव लिहिलं, पुढं ‘मृत’ लिहिलं आणि ती तुमच्या शर्टाला टाचली. सरावाचा नियमच तसा, की मेलेल्यानं झाडाखाली जाऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसून राहायचं. तुम्ही गेलात. “इतक्या वर्षांचा अनुभव, गळ्यात गटाचं ओळखपत्र, आणि मी मेलेला,” तुम्ही म्हणालात. “चूक माझी नव्हती, त्याचीही नव्हती. त्यानं त्याच्या शाळेतलं बरोबर लावलं, मी माझ्या शाळेतलं बरोबर वाचलं. दोघं बरोबर असलो म्हणून मी मेलो.”

थोड्या वेळानं ती खुंटी लावणारा माणूस तुमच्याजवळ येऊन बसला. सोफाल त्याचं नाव, कंबोडियाचा, सुरुंग काढायला शिकवणारा. त्याचं इंग्रजी तोडकं, तुमचं नगरी. त्यानं काडीनं मातीत त्याची खुंटी काढली, तुम्ही शेजारी आपली काढलीत. मग त्यानं दोरीची खूण काढली, तुम्ही आपली काढलीत. दगडांच्या ढिगाची. झाडाच्या खोडावरच्या पट्ट्याची. जेवणाची घंटा होईपर्यंत मातीवर दोन रांगा झाल्या, आणि त्यांतल्या फार थोड्या जुळत होत्या.

“मंत्र्यांनी सहकार्यावर सही करून झाली होती तेव्हा,” तुम्ही म्हणालात. “उद्या खरोखर कुठं पूर आला, पुरानं सुरुंग वाहत गावात आले आणि चार देशांच्या तुकड्या मदतीला उतरल्या, तर त्या सहीच्या भरवशावर त्या एकमेकांच्या खुंट्या वाचणार होत्या. माझ्यासारख्या.”

पुढची चार वर्षं तुम्ही आणि ते सगळे लोक खुणांचं ते एक पान जुळवत बसलात. मला त्या दिवशी समजायला हवं होतं. समजलं नाही. मी विचारलं, “चार वर्षांत एक पान?”

एक दिवस मात्र तुम्ही मला माझंच काम समजावून दिलंत, त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहिले. निवृत्त झाल्यावर तुम्ही हट्टानं माझ्याबरोबर देवळाली प्रवराकडं आला होतात, उसाच्या गाड्यांचा काटा तपासायला. मी प्रमाणित वजनं चढवत होतो, उतरवत होतो. तुम्ही टोपी घालून एका ट्रॅक्टरच्या सावलीत उभे. रांगेतल्या एका शेतकऱ्यानं तुम्हालाच साहेब समजून विचारलं, “सायेब, ह्यो काटा खरा हाय का?”

“तुम्हाला काय वाटतं?” तुम्ही उलटं विचारलंत.

“मला ह्येंच्यावर इश्वास न्हाई,” तो काटेवाल्याकडं बोट दाखवून म्हणाला.

काटेवाला खिडकीतून म्हणाला, “आन् माझा तुमच्यावर हाय व्हय? मागल्या टायमाला उसात दगडं घालून आनली हुती कुनी तरी.”

“मी न्हवं ते.”

“तुमी न्हाई तर तुमचा भाऊ आसंल.”

रांगेतले सगळे हसले, तो शेतकरीही हसला. मी शिक्का मारला, तसा त्यानं ट्रॅक्टर काट्यावर घेतला. काटेवाल्यानं वजन सांगितलं, त्यानं मान हलवली आणि गेला.

परतताना राहुरी आली. तिथं तुम्ही म्हणालात, “योहान, बघितलंस का? त्या दोघांचं एकमेकांवर काडीचं प्रेम नाही. तरी काम झालं. कारण दोघांनी मान्य केलेलं तिसरं काहीतरी मधे होतं. आम्ही तेच करत होतो रे. देशांची मैत्री करून द्यायला कुणी आम्हाला पाठवलं नव्हतं.” तोवर मी समजत होतो की माझं काम चोर पकडायचं. त्या दिवसानंतर काट्यावर उभा राहताना मी थोडा ताठ उभा राहतो. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही.

आणि इतकं असूनही आपलं शेवटचं भांडण मीच काढलं.

तुम्ही आजारी होतात. हृदयाचं काम निम्म्यावर आलं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बातम्यांत दोन शेजारी देशांच्या सीमेवर गोळीबार चालू होता, आणि दोन्ही देश तुमच्या गटातले. मी टीव्हीकडं हात करून म्हणालो, “हे तुमचं सहकार्य. चार वर्षं एकत्र जेवलात आणि आता हे.”

तुम्ही म्हणालात, “लढाई थांबवायचं काम आमच्याकडं नव्हतंच. लढाई संपल्यावर शेतात परत जाता यावं, एवढंच आमच्याकडं होतं.”

“किती जण गेले परत? आकडा सांगा.”

“तू शिक्का मारलेल्या काट्यावर किती शेतकरी फसायचे वाचले, त्याचा आकडा सांग.”

 उत्तर नसलं की माणूस लागेल असं बोलतो. मी म्हणालो, “माझ्या शिक्क्याला विमानाचं तिकीट लागत नाही.”

तुम्ही टीव्ही बंद केलात आणि पांघरूण वर ओढलंत. ताईनं मला डोळ्यांनीच बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर मी तीनदा येऊन गेलो. तुम्ही माझ्याशी नीट बोललात, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलंत, स्कूटर कुणाला द्यायची तेही सांगितलंत. त्या विषयावर मात्र तुम्ही बोलला नाहीत. मीही नाही. मला वाटलं होतं, वेळ आहे. माझा हिशेब सहसा चुकत नाही. हा चुकला.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी घरी माणसं बसली होती. शेजारचे आबा, कँटोन्मेंटच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, माझ्याजवळ सरकून म्हणाले, “मानूस भला हुता. लई देश फिरले. पन खरं सांगू का, बैठका घेऊन केलं काय, त्ये काय कळलं न्हाई बगा. आकडा काय हाय का त्येंच्या कामाचा?”

माझाच प्रश्न, माझेच शब्द, दुसऱ्याच्या तोंडून. इतका हलका वाटला तो मला की माझीच लाज वाटली. मी आबांना म्हणालो, “आबा, तुमच्या गेटासमोर रेल्वेचं फाटक आहे असं समजा. तिथला तांबडा दिवा म्हणजे थांब. पलीकडच्या गावच्या फाटकावर तांबडा म्हणजे जा. तुम्ही दोन्हीकडून रोज ये-जा करता. किती दिवस जगाल?”

“ह्यो काय सवाल हाय?”

“हाच त्यांचा सवाल होता. दहा-बारा देशांचे दिवे वेगवेगळे होते. ते एक करत बसले होते.”

आबांनी दाढी खाजवली. “मंग त्ये कुनी आदी सांगितलं का न्हाई?”

“मला सांगितलं होतं,” मी म्हणालो. “मी ऐकलं नाही.”

आता मी कुणालाही सांगायला तयार आहे. जे म्हणतात की अशा बैठकांत चहा-बिस्किटांपलीकडं काही होत नाही, त्यांनी माझ्यासमोर बसून म्हणावं. मोठी माणसं निवेदन करतात ते वर्तमानपत्रात येतं. पण एका देशाच्या हवालदाराला दुसऱ्या देशाच्या हवालदारानं रोवलेली खुंटी वाचता येणं, हे कुठल्याच निवेदनानं होत नाही. त्यासाठी कुणाला तरी तीन-तीन दिवस बसून पांढरा रंग कोणत्या अंगाला, यावर वाद घालावा लागतो. कंटाळवाणं आहे. फोटोत येत नाही. टाळ्या मिळत नाहीत. म्हणून ते फुकट आहे असं म्हणणाऱ्याला मी यापुढं सोडणार नाही. आणि त्याच कामाला शोभा यावी म्हणून त्यावर हजारो सुरुंगांचा मुलामा चढवणाऱ्यालाही नाही.

यातला दुसरा भाग जड गेला, कारण समोर ताई होती.

गुरुवारी तिनं तुमचा मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणाली, “इंग्रजीत काय काय आलंय ते वाचून दाखव.” गटातल्या जुन्या लोकांचा तुमचा एक ग्रुप आहे, त्यावर तुम्ही गेल्याची बातमी कुणीतरी टाकली होती. खाली शोकसंदेश. सोफालचा होता, फार मोठा नाही. मग त्या दोन देशांतल्या दोघांचे होते, ज्यांच्या सीमेवर तेव्हा गोळीबार झाला होता. एकाच्या खाली लगेच दुसऱ्याचा. त्यातल्या एकानं लिहिलं होतं की साळवेसाहेब कधी आवाज चढवायचे नाहीत, पण कंस पुसायलाही द्यायचे नाहीत.

ते मी ताईला सांगितलं. ती हसली. मी खाली सरकवत गेलो. सगळे शोकसंदेश संपले, आणि त्याखाली एका फोटोखाली प्रश्न होता. पाण्यानं उघड्या पडलेल्या बांधावर खूण कशी लावायची, पानात आहे तशी की थोडी वर? सोफालनं त्याच दुपारी उत्तर दिलं होतं. खाली त्या दोघांतल्या एकानं अजून एक गोष्ट जोडली होती, आणि दुसऱ्यानं लिहिलं होतं, बरोबर.

दाजी, तुमच्या निधनाच्या संदेशांखाली त्यांचं काम चालू होतं. तुमच्यासाठी यापेक्षा मोठा मान मला सुचत नाही. त्या दोन देशांचे मंत्री त्या आठवड्यात एकमेकांचा फोन घेत होते की नाही, मला माहीत नाही. हे दोघे एका बांधावर बोलत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

“पण हे लोकांना दगडावर कसं सांगणार?” ताई म्हणाली. “हजारो सुरुंग म्हटलं की कुणालाही कळतं. तुला तुझं खरं पाहिजे, योहान. मला माझा नवरा लोकांच्या लक्षात राहायला पाहिजे.”

तेव्हा मी शब्द मोडला. तिला सराव सांगितला. खुंटी, शिट्टी, शर्टाला टाचलेली चिठ्ठी, झाडाखाली बसलेले तुम्ही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “मृत लिहिलं होतं?”

“हो.”

“आणि घरी येऊन मला म्हणाले, तिकडचं जेवण मानवलं नाही म्हणून चेहरा उतरलाय. मी आठ दिवस मऊ भात घातला त्यांना.” ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “घाबरले असतील रे. आणि मला नाही सांगितलं.”

“त्या भीतीचंच त्यांनी पान केलं, ताई. ती हजारोंची ओळ लिहिली तर तो झाडाखाली बसलेला माणूस त्यात कुठं दिसतो?”

तिनं डोळे पुसले, उठली आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं ते पान घेऊन आली. मी इतकी वर्षं त्याची टर उडवली होती, पण पाहिलं कधीच नव्हतं. गुप्त वगैरे काही नाही ते. जितक्यांच्या हातात जाईल तितकं बरं असंच आहे. डावीकडं खुणेचं चित्र, उजवीकडं अर्थ. मी सवयीनं ओळी मोजल्या. तेरा. त्यातल्या अकरा स्वच्छ होत्या. शेवटच्या दोन अजून चौकोनी कंसात.

“म्हणजे दोन राहिल्या?” ताईनं विचारलं.

“राहिल्या.”

“त्यांनी ते कंस पुसू दिले नसणार,” ती म्हणाली. “पटल्याशिवाय पटलं म्हणायचे नाहीत ते. लग्नालासुद्धा आठ महिने लावले होते.” मग तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, “पेन घे. आणि त्यांचं एकट्याचं नाही हं लिहायचं. सगळ्यांबरोबर बसून केलं, असं लिही.”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं दगडवाल्याकडं गेलो. त्यानं कागद दोनदा वाचला. मजकूर असा होता: ‘शमुवेल दानिएल साळवे. अनेक देशांच्या माणसांबरोबर बसून सुरुंगांच्या तेरा खुणांपैकी अकरा एक केल्या.’

तो म्हणाला, “बाई, मी दगड कोरनारा मानूस, मला काय कळत न्हाई. पन लोक इचारतील ना, दोनचं काय झालं म्हनून.”

ताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “विचारू द्या,” ती म्हणाली. “मी भिंगारातच राहते.”